जामीनदारास कळविले आहे

२३ एप्रिल १९८९, रविवार. गच्चीवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायच्या होत्या. ज्वारीचा घाटा पहाटेच शिजवून ठेवला होता. तिखट, लसूण, तीळ सगळं घालून तयार. बिबड्यांचं काम थांबत नाही. घाटा गरम आहे तोवर ओल्या कापडावर थापायचा, गार झाला की तो हाताला दाद देत नाही. जळगावचं एप्रिलचं ऊन, नऊ वाजता गच्चीवर पाय टेकवत नव्हता. नवरा भुसावळला रेल्वेत, त्या दिवशी ड्यूटीवर. मी एकटी.

खालून कुणीतरी "अक्का, अक्का" करून हाक मारत होतं. मी कठड्यावरून वाकून पाहिलं. पंचविशीची एक बाई, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. मी ओळखत नव्हते.

"कोण पाहिजे?"

"स्कॉलरशिपच्या बाई. होस्टेलच्या शिपायाने हे घर दाखवलं."

"उद्या ऑफिसात या. आज रविवार आहे."

"उद्या उशीर होईल, अक्का."

तिचं म्हणणं खरं होतं. ते किती खरं, हे तिच्यापेक्षा मला जास्त माहीत होतं. मी तिला वर बोलावलं.

मी तेव्हा जळगावातल्या एका कॉलेजच्या कार्यालयात शिष्यवृत्तीच्या टेबलावर होते. त्याआधी काही वर्षं धुळ्याला हेच काम केलं होतं. हुशार पण गरीब मुलांसाठी सरकारची कर्ज-शिष्यवृत्ती असायची. शिकताना पैसे मिळायचे, शिक्षण संपलं, नोकरी लागली की हप्त्याहप्त्याने परत करायचे. बंधपत्रावर मुलाची सही आणि एका जामीनदाराची सही. शिक्षण पुरं करणाऱ्या मुलांशी माझं फारसं काम पडत नसे. ती पेढे घेऊन येत आणि जात. माझा वेळ जाई तो अर्ध्यातून सोडणाऱ्यांत.

अर्ध्यातून सोडायला कारणं भरपूर. एकीचं दुसऱ्या वर्षाला लग्न लागलं. सासरचे म्हणाले, कर्ज माहेरचं आहे. माहेरचे म्हणाले, शिकून फायदा सासरचा होता. दोघं माझ्या टेबलासमोर उभे राहून भांडत होते आणि मुलगी बाहेर बाकावर बसून शेंगा खात होती. एकाला पोलिसात घेतलं, तो सरळ ट्रेनिंगला निघून गेला. पण बहुतेक मुलं नापास होऊन जात. खेड्यातल्या मराठी शाळेत पहिला आलेला मुलगा इथे आला की पुस्तकं इंग्रजीत, शिकवणं इंग्रजीत, आणि वर्गात हात वर करून "समजलं नाही" म्हणायची सोय नाही. दिवाळीपर्यंत तो मागच्या बाकावर जायचा आणि संक्रांतीपर्यंत नाहीसा व्हायचा.

नाहीसं होण्यात त्यांची एक ठरलेली चूक असे. मी ती इतक्या वेळा पाहिली की चेहऱ्यावरून ओळखू यायची. त्यांना वाटायचं, कुणालाही कळू न देता कुठेतरी कामाला लागू, सगळे पैसे साठवू, एकदम फेडू आणि मग उजळ माथ्याने घरी जाऊ. तोवर गावाला वाटू दे की पोरगा शिकतोय. प्रामाणिक मुलंच ही चूक करत. लबाड असती तर वाचली असती.

कारण नियम सरळ होता. अर्ज देऊन, जामीनदाराला कळवून शिक्षण सोडलं तर एक वर्षाची सवलत, मग मुलाच्या नावाने लहान लहान हप्ते. न कळवता गैरहजर राहिलं तर बंधपत्र मोडलं. सगळी रक्कम एकदम, आणि तीही जामीनदाराकडून, तहसीलमार्फत. धुळ्याला असताना एका शाळेच्या शिपायाचा पगार भाच्यापायी कापला जाताना मी पाहिला होता. भाचा नाशिकला वेटर होता. बिचारा पैसे साठवत होता.

म्हणून प्रत्येकाला मी एकच वाक्य सांगत असे: "जायचं तर जा, पण माझ्या टेबलावर सांगून जा." नोटीसबोर्डावरही लिहून लावलं होतं. जे वर्गातच येत नव्हते ते बोर्ड कशाला वाचतील?

आता ही बाई माझ्यासमोर उभी होती. "माझा भाऊ," ती म्हणाली. तिने वर्ष सांगितलं, शाखा सांगितली, गाव शिंदखेड्याकडचं सांगितलं. पुढचं सांगायची गरज नव्हती. जानेवारीपासून त्याची हजेरी नव्हती. सोमवारी संध्याकाळच्या टपालाने माझी यादी पुण्याला जायची होती, आणि तिच्यात दुसऱ्या रकान्यात, न कळवता गैरहजर असलेल्यांत, त्याचं नाव मी स्वतः लिहिलं होतं.

"हात धू," मी म्हटलं. "घाटा गार होतोय. थापता थापता बोल."

तिने पदर खोचला आणि कामाला बसली. हात चांगला होता. पाण्याचा हात लावून गोळा असा पसरवत होती की खालच्या धोतराचे धागे दिसावेत. आणि मग एकदम हसली.

"काय झालं?"

"सासूला सांगून आले की जळगावला मावशीकडे वाळवणं करायला जाते. म्हटलं, खोटं बोलतेय, पाप लागेल. नाही लागणार आता."

हसू तेवढंच. मग तिने सगळं सांगितलं.

बाप नव्हता. आई शेतमजुरीला. भाऊ हुशार, त्याला जामीनदार हवा होता आणि गावात कुणी सही करेना. हिचं सासर पारोळ्याला. सासऱ्याचं बी-बियाणांचं दुकान, बाजारात नाव. सगळे त्यांना आबा म्हणत. हिने नवऱ्याला गळ घातली. नवरा सुरतेला लूमवर कामाला, तो आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि दिवाळीला येणार. त्याने बापाला विचारलं, बाप नाही म्हणाला. मग हिने सासूकरवी सांगितलं.

"सासूकरवी का? आबा घरातच असतात ना?"

"आम्ही सासऱ्यांशी बोलत नाही, अक्का." मला इतकं कसं कळत नाही, अशा नजरेने तिने पाहिलं. "लग्नाला सात वर्षं झाली. त्यांनी माझा आवाज ऐकला असेल तो पोराला ओरडताना."

तर सासूकरवी तिने शब्द दिला होता: माझ्या भावाने तुमच्या सहीला बट्टा लावला तर मी माझ्या पायांनी माहेरी निघून जाईन. त्यावर आबांनी सही केली. आणि मग, नाही म्हणणाऱ्या माणसाचं होतं तसं, त्याचाच त्यांना अभिमान वाटू लागला. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगायचे, इंजिनिअरचा जामीनदार आहे मी. बाजारात लोक त्यांना "काय जामीनदार" म्हणून हाक मारायचे. त्यांना ते आवडायचं.

मागच्या आठवड्यात माहेरच्या गावचा एकजण दुकानात बियाणं न्यायला आला होता. आबा आत गेलेले पाहून त्याने ओसरीवर हिला सांगितलं, तुझा भाऊ जळगावच्या डाळमिलात पोती भरतोय, मी डोळ्यांनी पाहिला.

"आबांना कळलं?"

"अजून नाही. तो पुन्हा येईल बियाणं न्यायला. आणि तुमचा कागद येईल." तिचा हात थांबला. "अक्का, आखाजी पंधरा दिवसांवर आली. आखाजीला मी माहेरी जाणारच. दरवर्षी जाते, मग सासरहून कुणीतरी न्यायला येतं. यंदा कुणीच आलं नाही तर? ते मला घालवणार नाहीत. ते फक्त न्यायला येणार नाहीत."

खानदेशातल्या बायकांना हे समजावून सांगावं लागत नाही. आखाजी म्हणजे झोका, गाणी, माहेर. पण नांदणं मोडायची ती सगळ्यात सोपी रीतही आहे. आवाज नाही, भांडण नाही. लेक माहेरी गेली आणि राहिली.

"पोरं किती?"

"एक मुलगा. पाच वर्षांचा. त्याला सासूकडे ठेवून आले." आणि थोड्या वेळाने, "त्याला ते ठेवून घेतील."

मी घाट्याचं भांडं झाकलं, घरी ठेवलेला एक कोरा अर्ज पर्समध्ये टाकला. उरलेलं काम शेजारणीला सांगितलं. ती म्हणाली, "रविवारीसुद्धा ऑफिस गच्चीवर आणता का हो?" मी म्हटलं, "बोलू नको, थाप." आणि आम्ही दोघी रिक्षाने औद्योगिक वसाहतीत गेलो. तुरीचा हंगाम होता, डाळमिला रविवारीही चालू होत्या.

तिसऱ्या मिलमध्ये तो सापडला. मुकादमाने आत हाक दिली, "ओ इंजिनेर! तुले भेटाले बाया उन्यात!" आतून चारजण हसले. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. फक्त घरच्यांना नव्हतं.

तो बाहेर आला. तुरीच्या भुश्शाने केस, पापण्या पिवळ्या. बहिणीला पाहिलं आणि पाय तिथेच थांबले.

"ताई, तू आठे काब्र उनी?" इथे का आलीस, एवढंच त्याला सुचलं.

"तू जित्ता शे ना, तितलंच पाहाले उनू," ती म्हणाली आणि मग त्याच्या दंडावर दोन चापट्या मारल्या. भुसा उडाला. ती रडत नव्हती.

मी त्याला सावलीत बसवलं आणि काय ते सांगितलं. हा अर्ज आहे. शिक्षण सोडल्याचा. आज सही कर. उद्या माझी यादी जायच्या आत तो लागला तर तुला एक वर्ष मिळेल, नंतर हप्ते.

"नको, मॅडम," तो म्हणाला. "मी फेडतोय."

"कुणाला?"

"साठवतोय. दोन-तीन वर्षांत सगळे होतील. मग एकदम नेऊन देतो. तोवर तुम्ही फक्त लिहू नका."

"दोन-तीन वर्षं मी न लिहिता बसू? आणि हजेरीपुस्तक? ते मास्तर लिहितात."

"सही केली की सगळ्यांना कळेल."

"नाही केली तर तलाठी जाऊन सांगेल. पारोळ्याला, आबांच्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. कुणी सांगितलेलं बरं, तू की तलाठ्याने?"

त्याने मान खाली घातली. मग म्हणाला, "ताई, तू घरी सांग मी मेलो म्हणून. मेलेल्याचं कर्ज माफ होतं."

मला राग आला. मी म्हटलं, "होतं. पण त्यालाही दाखला लागतो, आणि तो काढायला तुझी आई शिंदखेड्याच्या ऑफिसात आठ खेपा घालेल. सही सोपी आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. बहिणीकडे पाहिलं. ती त्याच्या हातांकडे बघत होती. पोत्याच्या सुतळीने तळवे सोलले होते. त्याने सही केली. बोटांना लागलेला पिवळा भुसा कागदाला लागला, मी तो झटकला.

पण अर्जाच्या तळाशी एक ओळ होती आणि ती तशीच मोकळी होती. "जामीनदारास कळविले आहे." आणि त्याखाली जामीनदाराच्या सहीची जागा.

हे मी तिला आधी सांगितलं नव्हतं, कारण आधी सांगितलं असतं तर ती मिलपर्यंत आली नसती. तिथे, भुश्शाच्या ढिगाशेजारी सांगितलं. ती खाली बसली.

"म्हणजे त्यांना सांगायलाच लागणार."

"हो."

"मग एवढं कशासाठी केलं, अक्का? ते कळू नये म्हणूनच मी आले ना!"

मी म्हटलं, "कळणारच आहे. कागदाने कळलं तर पैसेही जातील. तोंडाने कळलं तर पैसे तरी वाचतील."

"आणि मी?"

नियमात बहिणीसाठी रकाना नसतो.

संध्याकाळी तिघं माझ्या घरी परतल्यावर तिने दुसरा मार्ग काढला. गच्चीवर वाळलेल्या बिबड्या उलटवत होतो, तेव्हा हळूच म्हणाली, "त्यांची सही मला येते. पोराच्या शाळेच्या फॉर्मवर पाहिलीय. त्यांच्या बदली मी करते. तुम्ही फक्त बघू नका."

"आणि पुढच्या वर्षी हप्त्याची आठवण जामीनदाराच्या पत्त्यावर गेली की?"

तिने एक बिबडी उचलली.

"खोट्या सहीची आठवण खऱ्या माणसाकडे जाते," मी म्हटलं. "तेव्हा भाऊ तुरुंगात आणि तू माहेरी. आत्ता निदान तुरुंग तरी नाही."

हे क्रूर होतं, मला माहीत आहे. पण तिला लाडी-गोडीची गरज नव्हती. तिने मुठीत आलेली बिबडी चुरडली, मग ते तुकडे वेचून तोंडात टाकले. वाया घालवायची सवय नव्हती. भाऊ कठड्याशी पाठ टेकून बसला होता. त्याने दिवसभरात काही खाल्लं नव्हतं आणि मी वाढलेल्या ताटाला हात लावला नाही. त्या रात्री आम्ही तिघं नीट झोपलो नसू, पण त्याबद्दल कुणी कुणाला विचारलं नाही.

सकाळी पहिल्या एसटीने आम्ही पारोळ्याला गेलो. निघताना मी बिबड्यांची एक चळत पेपरात बांधून घेतली. बसमध्ये मी दोघांना समजावलं: बोलायचं मी. तुम्ही फक्त उभं राहायचं. मला वाटत होतं, मी सरकारी माणूस, नियम नीट सांगितला की आबा ऐकतील.

घर दुकानाच्या मागेच होतं. सासू ओटा सारवत होती. सुनेमागे परकी बाई आणि भुश्शाच्या कपड्यातला भाऊ पाहून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"व्हयनात का वाळवणं? आणि हाई कोण, मावशी का?"

"झाली वाळवणं," मी म्हटलं आणि पुडकं तिच्या हातात दिलं. "आबा आहेत?"

आबा आतून आले. पांढरी टोपी, चष्मा दोरीने बांधलेला. "बसा बाई," म्हणाले. पाणी आलं. मी सगळं सांगितलं. वर्ष, हजेरी, दोन रकाने, सवलत, सही. त्यांनी मधे एक शब्द काढला नाही. मी संपवलं तेव्हा ते माझ्याकडे नाही, सुनेच्या भावाकडे पाहत होते.

"याचं तोंड कुठेय?" ते मला म्हणाले. "तोंडाने जामीन मागायला आला होता ना?"

भाऊ बोलायचा प्रयत्न करत होता. आवाज निघाला नाही.

"इंग्रजी नाही समजलं त्याला," मी म्हटलं. "एवढंच झालं."

"तुम्ही नका बोलू, बाई."

दारामागे पाच वर्षांचा मुलगा आईच्या पदराला धरून उभा होता. आबांनी अर्ज घेतला, चष्मा लावला, दोनदा वाचला आणि खिशातल्या पेनने सही केली. ठसठशीत. मला सुटल्यासारखं वाटलं. कागद त्यांनी माझ्या हातात दिला आणि मग बायकोकडे वळले. सून चार हातांवर उभी होती, पण ते बायकोलाच म्हणाले, "तिले सांग. आपला पायवर जासु, असा शब्द देयेल व्हता. आखाजी जवळ उनी. आजच जाय म्हना."

सासू सुनेकडे वळून काही बोलणार, तोच आबा पुढे म्हणाले, "आणि पोऱ्यानी पहिला हप्ता भरा, का पावती लिसनी परत ये म्हना. तवलोंग नही."

पहिला हप्ता भरल्याची पावती घेऊन ये, तोवर नाही. ते न्यायाने बोलत होते. त्यांच्या दृष्टीने ते उदार होते. पण पहिला हप्ता एक वर्षानंतर होता. भावासाठी मी जे वर्ष मिळवलं होतं, तेच तिला माहेरी काढायचं होतं. आणि वर्षभर माहेरी राहिलेल्या सुनेसाठी कुणी पावती बघत नाही.

तेव्हा ती बोलली. पदर कपाळावर होता तसाच, पण तोंड थेट आबांकडे.

"आबा, मना पोऱ्या मनासंगे येई का आठेच ऱ्हाई?"

सासूच्या हातातलं पुडकं खाली आलं. आबांनी मान तिच्याकडे फिरवली. सात वर्षांत पहिल्यांदा. उत्तर त्यांनी बायकोकडे पाहूनच दिलं, पण आवाज बसला होता: "आठेच ऱ्हाई."

ती आत गेली आणि पिशवी घेऊन बाहेर आली. कपडे तिने भरले नव्हते. काल आणलेली तीच पिशवी. मुलाला सासूने उचललं आणि तो रडायला लागला.

स्टँडवर ती बाकावर बसली नाही, उभीच राहिली. "आता धुळ्याची गाडी," ती म्हणाली. "मग शिंदखेडा." भाऊ तिच्याकडे न बघता कमरेला बांधलेला रुमाल चाचपत होता. मी आदल्या दिवसापासून पाहत होते, तो सारखा तिथे हात नेत होता.

"त्यात काय आहे?" मी विचारलं.

"मिलचे. जानेवारीपासूनचे."

मला इतका वेळ का लागला, कोण जाणे. नियमाने हप्ता एक वर्षाने सुरू होतो. पण आधी भरू नये, असं नियमात कुठेही नाही. कुणी आधी भरत नाही, म्हणून कुणी तसं लिहिलंही नाही.

"धुळ्याची गाडी नको," मी म्हटलं. "जळगावची पकडा. दोघंही."

"काय करायचं तिथे?"

"हप्ता भरायचा."

जळगावला उतरून आधी ऑफिसात मस्टरवर सही केली. कपाटातून बंधपत्राचा क्रमांक उतरवला. चलनाचे तीन कागद घेतले, मधे कार्बन घातला आणि ट्रेझरीच्या दारातल्या पायरीवर बसून मीच भरले. "कर्ज-शिष्यवृत्ती परतफेड, पहिला हप्ता." बहीण समोर उभी राहून माझ्या पेनकडे पाहत होती. तिला वाचता येत होतं, हे मला तेव्हा कळलं. ओठ हलवत ती प्रत्येक शब्द वाचत होती.

खिडकीतल्या कारकुनाने चलन उलटंपालटं केलं. "वसुलीचा आदेश कुठेय?"

"आदेश पावसाळ्यात येईल. पैसे आज आहेत."

"बाई, मुदत टळून पाच पाच वर्षं लोक फिरकत नाहीत. आणि हा वर्षभर आधी भरतोय? डोकं ठिकाणावर आहे ना त्याचं?"

"नाही," मी म्हटलं. "म्हणून तर लवकर घ्या. उद्या ठिकाणावर आलं तर?"

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. कारकून आतल्या टेबलाकडे गेला, साहेबाशी बोलला. साहेबाने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही, वळवली नाही. बराच वेळ गेला. बहिणीने खिडकीची कड धरून ठेवली होती, जणू कुणी तिला तिथून ओढणार होतं. मग कारकून परत आला आणि शिक्का मारला. एकदा, दोनदा, तीनदा. एक प्रत खिडकीतून बाहेर आली. रुमालात आता थोडे पैसे उरले होते, त्यातून भावाने तिच्या बसचे काढून दिले.

"आजच जाऊ?" तिने विचारलं. "ते म्हणतील, एका दिवसात कसं?"

"म्हणू दे. पावती मागितली होती, दिवस नव्हता मागितला. ओट्यावरून सासूला देऊ नकोस. हातात द्यायची, त्यांच्याच."

"बोलू?"

"आता तर एकदा बोललीसच."

तिने चलन दुमडून पोलक्यात ठेवलं. भाऊ तिला स्टँडवर घेऊन गेला. तो मिलला परत जाणार होता. मी त्याला सांगितलं, दर महिन्याला माझ्या टेबलावर येऊन तोंड दाखवायचं. तो "हो" म्हणाला.

मी ऑफिसात आले. खणातून यादी काढली. दुसऱ्या रकान्यातलं त्याचं नाव पट्टी ठेवून सरळ रेघेने खोडलं, बाजूला सही केली, पहिल्या रकान्यात लिहिलं: "कळवून शिक्षण सोडले." आबांच्या सहीचा अर्ज टाचणीने मागे लावला. दुसऱ्या रकान्यात अजून अकरा नावं होती. त्यांच्यासाठी कुणी आलं नव्हतं. पाकीट बंद केलं आणि संध्याकाळच्या टपालात टाकलं.